लालासाहेबांची धार

लालासाहेब धोंडिराम मोहिते हे विश्रामबागेतल्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेचे परिचर. परिचर हा शब्द फक्त हजेरीपटावर. मुलं त्यांना लालासर म्हणतात. मी त्याच प्रयोगशाळेत शिकवतो, माझ्याकडे एम.एस्सी. आहे, तरी मुलं मला मुकुलसर म्हणत नाहीत. काय म्हणतात ते पुढे ओघानं येईलच, आणि नाही आलं तरी माझी हरकत नाही.

मी मूळचा वाईचा. घाटाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आमचं पूजासाहित्याचं दुकान आहे. कापूर, वाती, जानवी आणि हळदीकुंकवाच्या पुड्या यांच्यात बसून मी अभ्यास केला. एम.एस्सी.ला माझा विषय प्रवाहाचं शास्त्र. नदीचं पाणी पुलाच्या खांबाला वळसा घालताना काय करतं, याची समीकरणं मी पानंच्या पानं सोडवलेली आहेत. पुढे सांगलीला तासिका तत्त्वावर लागलो. म्हणजे तास घेतला तर शिक्षक, सुट्टी लागली तर नागरिक. दर रविवारी बाबांचा फोन यायचा आणि ते एकच विचारायचे, "कायम झालास का रे?" दुकानात कापूर घ्यायला येणारं प्रत्येक गिऱ्हाईक त्यांना हेच विचारत असणार, हे मला त्यांच्या आवाजावरून कळायचं. दोन वर्षं मी "होईल" म्हणत होतो.

तर पहिल्याच वर्षीची गोष्ट. अकरावीचं प्रॅक्टिकल होतं, श्यानतेचं. काचेच्या उंच नळकांड्यात एरंडेल तेल भरायचं, त्यात पोलादाची बारीक गोळी सोडायची, ती किती वेळात तळाला जाते ते मोजायचं आणि त्यावरून द्रव किती चिकट ते काढायचं. मी आदल्या दिवशी आरशासमोर तयारी केली होती.

"श्यानता म्हणजे काय तर," मी सुरुवात केली, "द्रवाच्या दोन थरांमधलं, म्हणजे काय तर, अंतर्गत घर्षण. म्हणजे काय तर..."

चोवीस मुलं माझ्याकडे बघत होती. रस्त्याकडेच्या म्हशी यष्टीकडे बघतात तसं. यष्टी येते, जाते, म्हशीचं काही बिघडत नाही.

कोपऱ्यातल्या बेसिनपाशी एक ठेंगणा, रुंद खांद्यांचा माणूस बीकर धूत होता. खाकी शर्ट, खिशाला पेन नाही, खांद्यावर पंचा. तो हात पुसत पुढे आला आणि म्हणाला, "सर, एक मिनिट घिऊ का?" मी हो म्हणायच्या आत त्यानं तीन बीकर टेबलावर मांडले. एकात नळाचं पाणी. दुसऱ्यात गोडेतेल. तिसऱ्यात त्यानं स्वतःच्या डब्याच्या पिशवीतून काढलेल्या बाटलीतली काकवी ओतली.

"पोरांनो, डोळं मिटा," तो म्हणाला. मुलांनी मिटले. माझ्या तासाला ती उघड्या डोळ्यांनी झोपत. "आता ऐका. ह्ये पाणी." वरून धार धरली. "बडबडतंय का न्हाई? आता तेल. कसं गप गेलं? आता उघडा डोळं, काकवी बगायची असती. कशी जाती? इचार करून जाती."

मुलं हसली. मीही हसणार होतो, पण वेळेत सावरलो.

"का?" तो म्हणाला. "पाण्यात कुणी कुणाचं न्हाई. ज्यो त्यो पळतोय. काकवीत हरेक थरानं शेजारच्याचा हात धरल्याला. यष्टीतनं म्हातारा-म्हातारी उतरत्यात बगा, हिनं त्याला धरायचं, त्यानं हिला धरायचं, मागं कंडक्टर खवळल्याला. तसं. ह्यालाच सर श्यानता म्हणत्यात. व्हय ना सर?"

मी म्हणालो, "हो. म्हणजे काय तर, हो."

मग अपूर्वा नावाची पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहिली. हुशार मुलगी. हुशार मुलांपासून देवानं शिक्षकाला वाचवावं. तिनं विचारलं, "लालासर, मग माणसांत पण असे द्रव असतात का?"

"असत्यात की. आपल्या हेड नीलिमा मॅडम पाणी. धा मिनटात धा कामं."

"आणि आमचे हे सर?"

लालासाहेबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. चेष्टा नव्हती त्यात, हेच वाईट. गडी प्रामाणिकपणे विचार करत होता. "सर म्हंजे बगा... थंडीतलं एरंडेल. लय औषधी. पर हलाय जरा टाइम लागतो."

झालं. त्या दिवसापासून मी एरंडेल सर. मुलांनी फोनवर जो गट काढला त्याचं नावही 'लालासर आणि एरंडेल' असं होतं. त्या गटात मला घेतलं नव्हतं, हे सांगायला नको.

लोक म्हणतात मत्सर वाईट. असेल. पण माझा मत्सर मेहनती होता. मी त्याच्यासाठी अभ्यास केला. पुढच्या आठवड्यात मी 'प्रवाह' या एका शब्दावर पूर्ण तास घ्यायचं ठरवलं. पाण्याचा प्रवाह, विजेचा प्रवाह, उष्णता गरमकडून गारकडे वाहते तो, रक्ताचा, रस्त्यावरच्या गाड्यांचा, पैशाचा ओघ, बोलण्याचा ओघ, विचारांचा प्रवाह, काळाचा प्रवाह. काळ वाहतो म्हणतो आपण, तर तो कशाच्या हिशेबानं वाहतो? सेकंदाला एक सेकंद? यावर मुलं थक्क होतील असा माझा अंदाज होता. शास्त्रात वाहणं म्हणजे एवढ्या वेळात एवढं इथून पलीकडे गेलं, याचं माप. बोलीत वाहणं म्हणजे न अडता चालणं. मला स्वतःला हा फरक फार आवडला होता. आरशालाही आवडला होता.

विजेपर्यंत पोचलो आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, पाइप फोडला तर पाणी सांडतं. मग वायर तोडली तर करंट खाली का सांडत नाही?"

मी अर्धा तास उत्तर दिलं. इलेक्ट्रॉन काढले, धातूचे अणू काढले, फळा भरला. घंटा झाली. काळ मात्र त्या दिवशी सेकंदाला अर्धाच सेकंद वाहिला होता.

दाराशी लालासाहेब उभे होते. त्याच मुलानं जाता जाता त्यांनाही विचारलं. मी डस्टर शोधायचं सोंग करत कान दिले.

"रेशनची रांग बगितलीस का?" लालासाहेब म्हणाले. "पुढचा सरकला की मागचा सरकतोय. मधीच दार लावलं तर? रांग हुबी ऱ्हाती. रांगंतली माणसं काय रस्त्यावर सांडत न्हाईत. आपापल्या पिशव्या धरून जागच्या जागी. तशी वायर."

"आयला, भारी!" पोरगं म्हणालं आणि पळालं.

मी हजेरीपट ठेवून वर्गात परत आलो तर फळा पुसलेला. ओल्या फडक्यानं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. लालासाहेबांची ही एक खोड होती. मी लिहिलेलं मुलांच्या वहीत उतरायच्या आत ते पुसून टाकत. नीलिमा मॅडम आमच्या विभागप्रमुख. त्यांचा फळा संध्याकाळपर्यंत तसाच राहायचा. माझा मात्र पाच मिनिटं टिकत नसे. मला वाटायचं, माणसाला स्वच्छतेची आवड आहे.

शत्रूची माहिती असावी म्हणून मी मधल्या सुट्टीत त्यांच्यासोबत चहा प्यायला लागलो. गेटबाहेरच्या गाड्यावर ते चहासुद्धा बघून घेत. किटलीतून धार पडली की सांगत, "आज दुधाला पाणी जास्त, भाऊ." चहावाला शपथा घ्यायचा. नंतर कबूल करायचा.

त्यांचे वडील धोंडिराम हे गुळव्या. गुऱ्हाळात उसाचा रस मोठ्या काहिलीत उकळत असतो. काहील उतरवायची नेमकी वेळ सांगणारा माणूस म्हणजे गुळव्या. चार मिनिटं आधी उतरवली तर गूळ बसत नाही, चार मिनिटं उशीर झाला तर करपतो, आणि शेतकऱ्याची वर्षाची मेहनत त्या चार मिनिटांत. दसऱ्यापासून होळीपर्यंत धोंडिराम या गुऱ्हाळावरून त्या गुऱ्हाळावर फिरायचे, कडेगाव, वाळवा, पार कऱ्हाडपर्यंत. सोबत लालासाहेब.

"बाप काय शिकवायचा?" मी विचारलं.

"काय न्हाई. फावडं उचलायचा, धार धरायचा, मी बगायचं. कवा कवा इचारलं, आबा, कसं कळलं? तर म्हणायचा, धार बगताना त्वांड बंद. सात वर्सं त्वांड बंद ठिवलं, मग कळाय लागलं. ती सात वर्सं आता भरून काढतोय," म्हणून हसले.

बारावी सायन्स केलं त्यांनी. ऐन सीझनला गुऱ्हाळावर, रस उकळताना पुस्तक हातात. लेखीत सगळीकडे पास, फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला नापास. मी चकित झालो. हा माणूस आणि प्रॅक्टिकलला नापास? कारण विचारलं तर ते एकच शब्द म्हणाले, "जर्नल," आणि चहाचा ग्लास उलटा केला. मग ऊस सगळा कारखान्याला जायला लागला, गुऱ्हाळं थंड पडली, आणि ते कुपवाडला पंपाच्या कारखान्यात लागले. पंप चालू करायचा आणि आवाजावरून सांगायचं, आत हवा धरलीय की नाही. तो कारखाना बंद पडला तेव्हा हे इकडे आले. बावीस वर्षं झाली. घर अजून कुपवाडलाच, यायला एक म्हातारी मोपेड. तिच्याही पेट्रोलची धार ते नळी काढून बघतात.

हे सगळं ऐकून माझं मन मोठं व्हायला हवं होतं. झालं नाही. मला वाटलं, याच्याकडे गोष्टीही आहेत! माझ्याकडे कापराच्या वड्या.

मग मी दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे मी एक दोनशेपानी वही केली. वर 'ला. सा.' लिहिलं आणि त्यांची वाक्यं उतरवायला लागलो. पाणी बडबडतं. रांग सांडत नाही. दुसरी गोष्ट लपवण्यासारखी आहे, पण आता लिहायलाच बसलोय. मी नीलिमा मॅडमना अर्ज दिला. कोऱ्या कागदावर, शाईच्या पेनानं, समास सोडून: 'परिचर प्रात्यक्षिकाच्या वेळी अध्यापनात हस्तक्षेप करतात, त्यामुळे विद्यार्थ्यांच्या संकल्पनांत गोंधळ निर्माण होतो, तरी योग्य ती समज देण्यात यावी.' 'संकल्पनांत' हा शब्द लिहिताना मला फार बरं वाटलं.

मॅडमनी वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, आणि लालासाहेबांना बोलावून सांगितलं, "उद्यापासून प्रॅक्टिकलला बोलायचं नाही."

"बरं, मॅडम," लालासाहेब म्हणाले. कुणी सांगितलं, का सांगितलं, काही विचारलं नाही.

मला वाटलं, बांध घातला. आता सगळं पाणी माझ्या वावरात.

काय झालं सांगतो. लालासाहेब गप्प राहून काम करायला लागले. बीकर मांडायचे, तोंड बंद, धार धरायचे. मुलं माझं बोलणं ऐकण्याऐवजी त्यांचे हात बघायला लागली. ते मनगट जरासं वळवायचे आणि धार दोरीसारखा पीळ घ्यायची. मुलं "ओऽ" करायची. एक शब्द न बोलता हा माणूस माझ्यापेक्षा जास्त शिकवत होता, आणि यावर कुठला अर्ज करायचा हे मला सुचत नव्हतं. हातांनी अध्यापनात हस्तक्षेप, असं लिहून पाहिलं. कागद फाडला.

दुसऱ्या वर्षी डिसेंबरात जागा निघाली. कायम, एकच. माझ्यासोबत कऱ्हाडचा ऋषिराज नावाचा एक उमेदवार होता, त्याचं बोलणं म्हणे रेडिओसारखं. मुलाखतीसोबत प्रत्येकानं वीस मिनिटांचा नमुना पाठ घ्यायचा, प्रयोगशाळेत, मुलांसमोर, समितीसमोर. बाबांना फोन केला. ते म्हणाले, "या वेळी 'होईल' नको म्हणूस." आणि पहिल्यांदाच फोन त्यांनी आधी ठेवला.

मी विषय निवडला, प्रवाह. आणि वही उघडली.

जानेवारीतली सकाळ होती. सांगलीत थंडी पडते म्हटलं की पुणेकर हसतात, पण त्या दिवशी खिडक्यांच्या काचा धुरकटल्या होत्या. समितीत नीलिमा मॅडम, बाहेरून आलेले एक तज्ज्ञ, ज्यांना खुर्चीवर बसताच डुलकी लागली, आणि संस्थेचे संचालक धैर्यशीलदादा. पांढरा शर्ट, पांढरी पँट, हाताच्या बोटांत दोन अंगठ्या, बाकी अंगात शेतकरी. बाकांवर बारावीची बारा मुलं, पुढे अपूर्वा. ती वहीवर पेन्सिल टेकवून बसली होती. मी 'म्हणजे काय तर' किती वेळा म्हणतो याची ती रेघा मारून वर्षभर नोंद ठेवते, हे मला माहीत होतं. बेसिनपाशी लालासाहेब, पंच्यानं एक बीकर पुसत.

मी सुरुवात केली. "लहानपणी मी माझ्या मामांच्या गुऱ्हाळावर जायचो."

लालासाहेबांचा हात थांबला. मग परत पुसायला लागला.

आणि काय सांगू, मी वाहायला लागलो. काहील, चुलवाणातला जाळ, वाफ, मामांच्या हातातलं फावडं. पाणी बडबडतं, तेल गप्प जातं, काकवी विचार करून जाते. यष्टीतून उतरणारे म्हातारा-म्हातारी. एकदाही अडलो नाही. अपूर्वाची पेन्सिल तशीच राहिली. ती माझ्याकडे बघत होती, मग बेसिनकडे, मग परत माझ्याकडे. मी बेसिनकडे बघत नव्हतो.

दहा मिनिटं झाली. एका मुलाला मी नळकांड्यातल्या एरंडेलात गोळी सोडायला सांगितलं. तेवढ्यात धैर्यशीलदादा पुढे वाकले.

"मास्तर, लय झकास सांगताय. मामांचं गाव कुठलं म्हणला?"

"सातारा."

"साताऱ्यात कुठं?"

माझे मामा साताऱ्याच्या यष्टी डेपोत कारकून. घर पोवई नाक्याला. डोक्यात दुसरं काही आलंच नाही. "पोवई नाक्याच्या... मागं."

दादा खुर्चीच्या कडेवर आले. "नाक्यावर? तितं गाड्यांचा प्रवाह हाय मास्तर, सकाळपासनं रातपातूर. काहील कुठं मांडली मामांनी, चौकात?"

मुलं हसली. तज्ज्ञ जागे झाले आणि विषय न कळताच हसले.

"ऱ्हाऊ दे," दादा म्हणाले. "आमच्या घरचं गुऱ्हाळ अजून चालू हाय, म्हणून इचारतो. काकवी उतरायची झाली हे धारंवरनं कसं वळकायचं? आन् गुळाला उतरायची तर धारंत काय बगायचं? तेवढं सांगा, मग पुढं चला."

मी मनातल्या मनात वही उलटी-पालटी केली. त्या ठिकाणी दोनच शब्द होते, 'धार बघायची'. कारण लालासाहेबांनी ते कधी बोलून सांगितलंच नव्हतं. हातानं दाखवलं होतं, आणि तेव्हा मी हाताकडे न बघता लिहीत बसलो होतो.

"म्हणजे काय तर," मी म्हणालो.

अपूर्वानं एक रेघ मारली.

नळकांड्यात गोळी चालली होती. थंडीनं तेल इतकं दाट झालेलं की ती खाली जातेय की तिथंच आहे हे कळत नव्हतं. सगळे त्या गोळीकडे बघायला लागले. मीही. बाबा दुकानात कापराची पुडी बांधत असतील, असं मला दिसलं.

"मॅडम," मागून आवाज आला, "बोलू का?"

नीलिमा मॅडमनी आधी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "बोला."

लालासाहेब पुढे आले. "दादा, गुऱ्हाळ सरांच्या मामाचं न्हवं. माझा बाप गुळव्या. सरांनी माझ्याकडनं समदं इचारून घेतलंय, चा पाजून. मीच म्हणलं त्यास्नी, तुमच्या घरचं म्हणून सांगा, माझं नाव घ्याल तर निम्मा टाइम त्यातच जाईल." हे साफ खोटं होतं, आणि किती सरळ धारेत पडलं ते! मला तेवढ्यातही त्याचा हेवा वाटला. "आमची जोडी हाय. धार कशी पडती ते मी दावतो. का पडती ते सर सांगत्यात. त्यातलं मला अजून निम्मं कळल्यालं न्हाई."

दादा म्हणाले, "दावा की."

लालासाहेबांनी पिशवीतली काकवी बीकरमध्ये पाण्यानं पातळ केली, बर्नरवर ठेवली, लाकडी पट्टी हातात घेतली. पट्टी बुडवायची, उचलायची, उजेडाकडे आडवी धरायची. आधी कडेवरून थेंब सुटे सुटे पडले. थोड्या वेळानं दोन थेंब कडेवर सरकत एकमेकांना मिळाले आणि जोडीनं, पातळ पदरासारखे घसरले. "ही काकवी झाली," ते म्हणाले. आणखी थोडी आटली. आता धार पडून तुटली, आणि तुटलेलं टोक केसासारखं वळून परत वर पट्टीकडे चढलं. "आन् ह्यो गूळ. तार माघारी फिरली की काहील वडायची. आबा ह्या घडीला वरडायचा."

दादांनी माझ्याकडे मान वळवली. "आता का, ते सांगा."

मग मी सांगितलं. हे माझं होतं, कुणाचं चोरलेलं नव्हतं. पाणी आटलं की साखरेचे कण जवळ येतात, थर एकमेकांना घट्ट धरतात. थेंबाचं कातडं आतल्या बाजूला ओढत असतं, म्हणून सुटे थेंब जवळ आले की मिळतात, म्हणून तुटलेलं टोक मागं फिरतं. आणि ही गोळी अडकलेली दिसते ती का, तर सकाळच्या गारठ्यात हेच एरंडेल दुप्पट चिकट होतं. दुपारी या, हीच गोळी पळताना दिसेल. बोलता बोलता मी नळकांडं दोन्ही हातांनी धरून चोळायला लागलो, आणि गोळी खरंच हलली. निदान मला तसं दिसलं. मी थांबलो तेव्हा वीसची पस्तीस मिनिटं झाली होती. अपूर्वाच्या वहीत रेघ एकच.

उठताना दादा म्हणाले, "जोडी भारी हाय. पर जागा एकच हाय, आन् ह्यांचं वय निघून गेलं."

आठ दिवसांनी यादी लागली. माझं नाव होतं. बाबांना फोन केला. फोन कानाला तसाच ठेवून ते दुकानातल्या गिऱ्हाइकाला म्हणालेले ऐकू आले, "तुम्हाला म्हटलं होतं ना."

त्या रविवारी वाईला पेढे वाटून झाले. सोमवारी मधल्या सुट्टीत गाड्यावर मी चहा सांगितला आणि म्हणालो, "लालासाहेब, तो अर्ज माझा होता."

"ठावं हाय."

"मॅडमनी सांगितलं?"

"न्हाई. कागद टेबलावर पडलाता. अक्षर वळखलं की." त्यांनी चहाचा घोट घेतला. "काय अक्षर हाय सर तुमचं."

"मग तरी त्या दिवशी का बोललात?"

"धार मधीच तुटल्याली बगवत न्हाई मला. कुणाची का असंना." मग ग्लास खाली ठेवून म्हणाले, "आता तुमी कबूल केलासा, तर माझं बी ऐका. बारावीला प्रॅक्टिकलला माझं रीडिंग समद्या वर्गात नंबर एक. परीक्षकानं जर्नल उघडलं. म्हणला, ह्ये कोंबडीनं लिवलंय का? मी म्हणलं, न्हाई सायेब, मीच. समदी हासली. त्यानं फुली मारली. त्या दिसापासनं मी पेन खिशाला लावल्यालं न्हाई."

मी त्यांच्या बिनपेनाच्या खिशाकडे बघायचं टाळलं.

"आन् मग तुमी आला. फळ्यावर असं लिवाय लागला, जसं काय छापल्यालं. एक ओळ वर न्हाई, एक खाली न्हाई. माझ्या पोटात अशी आग पडायची सर, काय सांगू तुमाला. म्हणून पुसत हुतो."

"मुद्दाम?"

"मग! नीलिमा मॅडमचा फळा पुसतो का मी कवा?"

चहावाला आमच्याकडे बघायला लागला, कारण मी मोठ्यानं हसलो होतो. मला आयुष्यात कुणी हेवा करण्यासारखं काही मिळालं नव्हतं. शाळेत नाही, कॉलेजात नाही, पूजासाहित्याच्या दुकानात तर नाहीच. आणि इकडे दोन वर्षं हा माणूस, ज्याच्यावर मी जळत होतो, तो माझ्यावर जळून फडकं ओलं करत होता. कायम झाल्याचा कागद मिळाला तेव्हासुद्धा मला इतका आनंद झाला नव्हता.

"आता नाही ना पुसणार?" मी विचारलं.

"आता कशाला," लालासाहेब म्हणाले. "जोडी हाय आपली."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम तासाआधी अर्धा तास गेलो आणि गोळीच्या प्रयोगाचं अख्खं गणित फळ्यावर उतरवलं. पाच रंगीत खडू वापरले. प्रत्येक ओळीखाली पट्टी धरून रेघ मारली. मागं सरकून पाहिलं, खरंच छापल्यासारखं होतं. मग खडूचे हात धुवायला गेलो.

परत आलो तर फळा कोरा. नुकताच पुसलेला, काळाभोर, वरून खाली पाण्याचे ओघळ उतरत होते. बेसिनपाशी लालासाहेब पाठमोरे उभे राहून, अगदी मन लावून, एक स्वच्छ बीकर पुन्हा धूत होते.

त्या दिवशी मी डबा पोटभर खाल्ला.